एका प्लगवर काजळी, दुसरा पांढरा: फिल्टर बदलल्यावर कार्बोरेटर लावताना

माझ्या मोटरसायकलच्या एअर फिल्टरचा प्लास्टिकचा डबा सांध्यात उकलला होता. दोन सिलिंडरची चाळीस वर्षं जुनी गाडी, त्यामुळे नवा डबा मिळेना. जुना चिकटवून पाहिला तर आठवड्याभरात पुन्हा सुटला. शेवटी डबाच काढला आणि दोन्ही कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, प्रत्येक सिलिंडरला एक) तोंडाला शंकूच्या आकाराचे फिल्टर लावले. हे काम अर्ध्या तासात झालं, पण गाडी पुन्हा नीट चालेपर्यंत अडीच महिने गेले. त्यातला बराच काळ मी चुकीच्या जागी शोधत होतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

फिल्टर लावल्यावर गाडी चोक ओढल्याशिवाय सुरू होईना. रेस देऊन सोडली की स्लो, म्हणजे मूठ बंद असतानाचा इंजिनाचा वेग, चढलेलाच राहायचा आणि सावकाश खाली यायचा. ऍक्सिलरेटर पाव ते अर्धा उघडला की गाडी मिसिंग मारायची, आणि पूर्ण पिळला तरी जोर नाही. ही सगळी लक्षणं मिश्रण लीन झाल्याची, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. कारणही उघड होतं. डब्यामुळे हवेला थोडा अडथळा असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या गळ्यात ओढ जास्त राहते आणि जेटमधून, म्हणजे मोजून पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोटीतून, पेट्रोलही त्या मानाने वर येतं. अडथळा गेला की हवा वाढते आणि ओढ घटते. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. पूर्ण ताकद हवी असेल तर हे प्रमाण १२.५ ते १३ च्या आसपास आणावं लागतं. माझी गाडी त्याच्या उलट दिशेला गेली होती.

ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, मेन जेट मोठा टाक. मूळ जेट १२५ क्रमांकाचा होता (आकडा मोठा तसं छिद्र मोठं), मी थेट १४० घातला. पूर्ण ऍक्सिलरेटरवर फरक पडला, पण मधलं मिसिंग जसंच्या तसं राहिलं. मग १४५ घातला, तरी तेच. इथे थांबून मुळातून विचार करायला हवा होता. मेन जेटचा खरा अंमल पाऊण ते पूर्ण ऍक्सिलरेटरवर असतो. पाव ते पाऊण हा जेटच्या नळीत वरखाली होणाऱ्या निमुळत्या सुईचा पट्टा, आणि त्याखाली स्लो सांभाळणारा छोटा पायलट जेट. गाडी किती वेगात आहे किंवा इंजिन किती फिरतंय याच्याशी या वाटणीचा फारसा संबंध नसतो, मूठ किती उघडली आहे याच्याशी असतो. मी मात्र "साठच्या पुढे अडखळते" अशा नोंदी करत होतो, आणि त्या नोंदींचा काही उपयोग नव्हता. मग मुठीवर पांढऱ्या टेपची एक रेघ मारली आणि स्विचच्या डबीवर बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा पाच खुणा केल्या. या सगळ्या कामात माझ्या मते सर्वात मोलाचं हत्यार हेच होतं.

खुणा केल्यावर मूळचे १२५ चे जेट परत घातले आणि पाया तपासायला घेतला. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, म्हणजे तिथली मोकळी फट, एका सिलिंडरला घट्ट निघालं, ते बसवलं. टायमिंग बरोबर होतं. मग स्लोवर चालत्या इंजिनात कार्बोरेटर आणि इंजिनाचं हेड यांना जोडणाऱ्या रबरी नळीवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारला. उजवीकडे फवारा पडताच आवाज बदलला. नळी काढून वाकवली तर आतल्या कडेला नखाएवढी भेग दिसली. तिथून जादा हवा ओढली जात होती, आणि कुठल्याही जेटने ती भरून निघाली नसती. नवी नळी बसवल्यावर स्लो अडकणं बरंच कमी झालं. फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या, ड्रेनला पारदर्शक नळी लावून पेट्रोलची पातळीही पाहिली. ती दोन्हीकडे सारखी होती.

कार्बोरेटर उघडताना दोन गोष्टी सांभाळा. जपानी कार्बोरेटरचे चौफुलीचे स्क्रू साध्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरने घसरतात आणि त्यांची डोकी खराब होतात, त्यांना जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचा ड्रायव्हर लागतो. आणि साफसफाईचा स्प्रे डायफ्रामच्या (आतल्या पातळ पडद्याच्या) रबरावर उडू देऊ नका. ते फुगतं आणि मग आपल्या खाचेत बसत नाही.

यानंतर नवे प्लग लावून रिकाम्या रस्त्यावर अर्ध्या ऍक्सिलरेटरवर गाडी पळवली, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद केलं आणि प्लग काढले. उजवा जवळजवळ पांढरा होता आणि डाव्यावर कोरडी काजळी! मला वाटलं प्लगच अदलाबदल झाले. पुन्हा तेच करून पाहिलं आणि पुन्हा तेच दिसलं. दोन्हीकडे जेट तेच, सुई तीच, पातळी तीच, मग एक लीन (पांढरा प्लग) आणि एक रिच (काजळी, म्हणजे पेट्रोल जास्त) कसा? या एका प्रश्नाने पुढचं सगळं सुटलं, कारण उत्तर आता जेटमध्ये असूच शकत नव्हतं.

डावा फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात विजेरी मारली. आमचे कार्बोरेटर व्हॅक्यूमवर चालणारे, म्हणजे सीव्ही प्रकारचे. त्यात मूठ पिळल्यावर फक्त इंजिनाकडची फुलपाखरासारखी झडप उघडते, सुई असलेला स्लाइड, म्हणजे वरखाली सरकणारा दट्ट्या, मात्र डायफ्रामवरच्या व्हॅक्यूमने वर उचलला जातो. त्यासाठी डायफ्रामच्या खाली बाहेरच्या हवेचा दाब पोचावा लागतो, आणि तो येतो तोंडाच्या कडेला असलेल्या एका छिद्रातून. त्याच कडेला पायलट आणि मेन एअर जेटचीही, म्हणजे पेट्रोलात आधीच थोडी हवा मिसळणाऱ्या वाटांचीही, बारीक छिद्रं असतात. फिल्टरच्या रबरी गळ्याला आतून एक ओठ होता, आणि डावीकडे तो या तिन्ही छिद्रांवर अर्धवट चढला होता. एअर जेटला हवा मिळत नव्हती म्हणून मिश्रण रिच, आणि डायफ्रामखाली दाब नीट पोचत नव्हता म्हणून स्लाइड आळशी. उजवीकडे फिल्टर जरा तिरका बसल्याने छिद्रं मोकळी राहिली होती, तिथला प्लग खरी लीन स्थिती दाखवत होता. दोन सिलिंडर दोन वेगळ्या आजारांनी त्रस्त होते आणि मी दोघांना एकच औषध देत होतो.

ओठ धारदार पात्याने कापून पाहिला, पण गळा सैल झाला. म्हणून आतून गुळगुळीत असलेले दुसरे फिल्टर आणले आणि बसवण्याआधी तिन्ही छिद्रं उघडी राहतात ना, हे डोळ्यांनी पाहिलं. त्या संध्याकाळी दोन्ही प्लग पहिल्यांदा सारखे निघाले, दोन्ही पांढरे! लीन असूनही मला फार आनंद झाला, कारण आता जेट बदलण्याला अर्थ होता.

पुढचं सगळं चार रविवारांत झालं. आधी मेन जेट. पूर्ण उघडलेली मूठ किंचित सोडली की गाडी पुढे झेपावायची, म्हणजे वर अजून लीन होतं. १३० वर झेप कमी झाली, १३५ वर गेली, १३७.५ वर इंजिन जड वाटू लागलं. १३५ ठेवला. माझ्या सुईला क्लिपच्या खाचा नव्हत्या, म्हणून तिच्या डोक्याखाली अर्ध्या मिलिमीटरचा एक वॉशर घालून ती उचलली. मधलं मिसिंग तिथेच संपलं. हावरेपणाने दुसरा वॉशर घातला तर पिकअप बोथट झाला, तो काढला.

पायलटला सगळ्यात जास्त वेळ लागला. पायलटचं मिश्रण कमीजास्त करणारा स्क्रू साडेतीन फेरे बाहेर काढल्यावर स्लो चांगला लागत होता. एवढा बाहेर काढावा लागतो म्हणजे जेटच लहान आहे. ४२.५ च्या जागी ४५ घातला आणि सव्वादोन फेऱ्यांवर स्लो स्थिर झाला. स्क्रू कुठे आहे ते मात्र आधी बघा. तो इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्याने मिश्रण रिच होतं, फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू, आणि बाहेर काढल्याने लीन होतं. शेवटी व्हॅक्यूम गेज लावून दोन्ही कार्बोरेटर एकमेकांशी जुळवले. जुळवताना समोर पंखा ठेवला होता, कारण हवेने थंड होणारं इंजिन उभ्या गाडीत फार लवकर तापतं.

आता गाडी गरम असताना चोकशिवाय एका किकमध्ये उठते आणि रेस सोडली की स्लो लगेच जागेवर येतो. एकच तक्रार उरली आहे. बाजूने जोराचा वारा आला की पाव ऍक्सिलरेटरवर ती क्षणभर दचकते. डब्यातली हवा शांत असते आणि डायफ्रामला तशीच हवा लागते, उघड्या फिल्टरमध्ये ती मिळत नाही. डबा धड असता तर मी तो कधीच काढला नसता. म्हणून धड डबा शोधणं चालूच आहे, आणि १२५ व ४२.५ चे मूळ जेट चिठ्ठी लावलेल्या पुडीत सीटखाली ठेवले आहेत.