गोल शिक्का

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

झोप येत नाहीये, आणि कारण इतकं फुटकळ आहे की घरात सोबत राहणाऱ्या मृणालला सांगितलं तर ती उशी फेकून मारेल.

दुपारी अप्पांचा फोन. "शुक्रवारी बँकेत जाऊन आलो. विशेष काही नाही." अप्पा विशेष काही नाही म्हणाले की समजायचं. मागून माईने ओरडून सांगितलं तेव्हा उलगडा झाला. अकराला टोकन घेतलं, दोनला नंबर लागला, आणि मॅडम म्हणाल्या, विद्यापीठाच्या पत्रावर गोल शिक्का नाही. तो आल्याशिवाय माझ्या शिक्षणाच्या कर्जाचा दुसऱ्या वर्षाचा हप्ता सुटणार नाही.

मागच्या महिन्यात सही नव्हती. सही आणली. आता शिक्का.

विद्यापीठाने दिलेलं बोनाफाईड, म्हणजे मी तिथे शिकते असं सांगणारं पत्र, पीडीएफ आहे. खाली एक कोड असतो. तो वेबसाइटवर टाकला की माझं नाव, कोर्स, सुरू झाल्याची तारीख, संपायची तारीख, सगळं उघडतं. इथे इंग्लंडात लेस्टरमध्ये बसून मी ते सांगलीतल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर दाखवू शकते. पण मॅडमना कोड नको. हेल्पडेस्कवरच्या मुलाला मी मागेच विचारलं होतं, शिक्का मिळेल का. तो म्हणाला, कसला? मी हवेत बोटाने गोल काढून दाखवला. त्याने खणात हात घालून टपालावर मारायचा तारखेचा शिक्का काढला. चौकोनी. वर 'मिळाले' असं लिहिलेलं. मी म्हटलं, राहू दे.

तेव्हाच मारून घ्यायला हवा होता.

फोन ठेवल्यावर रडले थोडी. अप्पांचा गुडघा, तो स्टीलचा बाक, तीन तास. ज्या बँकेत त्यांचा पगार एकोणतीस वर्षं जमा झाला तिथे. साडेसात लाखांच्या वर कर्ज म्हणजे तारण आलंच, आणि तारणाला शेत चालत नाही. म्हणून घर दिलं. घराच्या नोंदणीचा इंडेक्स टू, सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, आजोबांच्या नावावरून अप्पांच्या नावावर झालेला फेरफार, सगळं बँकेच्या तिजोरीत आहे. मी शिकत असताना व्याज भरत राहिलं तर एक टक्का सवलत, म्हणून अप्पा दर पाच तारखेला व्याज भरतात, एकदाही चुकलेले नाहीत. एवढं सगळं घेऊन बसलेल्या माणसांना मी विद्यार्थिनी आहे हे मात्र पटत नाही. दादाला फोन लावला, त्याने उचलला नाही. ते असो.

त्याच तिरमिरीत टेबलावरचं ते दुसरं पत्र हातात आलं. गुरुवारपासून पडलं होतं. पाकिटावर नाव नाही, नुसतं 'द लीगल ऑक्युपायर', म्हणजे या घरात कायदेशीर राहणारं जे कोणी असेल ते. आत लाल अक्षरांत, की या पत्त्यावर टीव्हीचा परवाना नाही, आणि विनापरवाना बघाल तर एक हजार पौंडांपर्यंत दंड. या घरात टीव्हीच नाही! हॉलमध्ये टीव्हीच्या जागी कपडे वाळत घालायचा स्टँड आहे. म्हटलं, चला, आज यांचाही निकाल लावू. परवानावाल्यांची वेबसाइट उघडली. थेट प्रक्षेपण बघता का? नाही. बीबीसीचं आयप्लेअर बघता का? नाही. दोन मिनिटं. धन्यवाद, नोंद केली आहे, आता दोनेक वर्षं त्रास देणार नाही, फार तर कोणी खात्री करायला येऊन जाईल.

ना झेरॉक्स, ना साक्षांकित प्रत. मी म्हटलं आणि त्यांनी मानलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पुन्हा एकदा वाचलं ते 'धन्यवाद'.

आणि चहा ठेवताना विसर्जन आठवलं.

अनंत चतुर्दशीला मी काय केलं होतं? लॅपटॉपवर यूट्यूबवर मराठी बातम्यांचं चॅनल लाइव्ह लावलं होतं, कानाला फोन, पलीकडे अप्पा. दोघांनी मिळून पुण्याची मिरवणूक बघितली. अप्पांच्या टीव्हीवर सगळं अर्धा मिनिट आधी यायचं. ते म्हणायचे "कसबा आला बघ", आणि माझ्याकडे अजून जाहिरात. मग माझ्याकडे पालखी यायची तेव्हा ते पुढचं काहीतरी सांगत असायचे.

नियम नीट वाचला, आधी वाचायला हवा होता. घरात टीव्ही असण्या-नसण्याचा प्रश्नच नाही. चॅनल कुठल्याही देशाचं असो, लॅपटॉपवर बघा, फोनवर बघा, थेट बघितलं की परवाना लागतो. म्हणजे मी खोटं बोलले.

हे एकच वाक्य तेव्हापासून टोचतंय. मनातल्या मनात वकिली करून झाली. त्यांनी 'बघता का' विचारलं होतं, 'बघितलंत का' असं नव्हतं विचारलं. वर्षातून एकच दिवस तर होता. आणि गणपती होता, मालिका थोडीच बघत होते! पण खरं सांगायचं तर दंडाची भीती नाहीये. टोचतंय ते वेगळंच. तिकडे अप्पा माझं खरं हातात घेऊन तीन तास बसले आणि कोणी घेतलं नाही, आणि मी इकडे दोन क्लिकमध्ये खोटं खपवून खुशीत चहा करत होते. त्यांनी विश्वास ठेवला म्हणून मला बरं वाटलं, आणि तो ठेवला कशावर? परवाना वर्षाला पावणेदोनशे पौंडांच्या आसपास पडतो. म्हणजे वीसेक हजार रुपये, अप्पा महिन्याला भरतात त्या व्याजाहून जास्त. (ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचा वेगळा परवाना इथे अजून मिळतो. कोण काढत असेल?)

रात्री, म्हणजे त्यांच्या मध्यरात्री, अप्पांनाच फोन केला. जागेच होते. परवान्याचं सांगितलं तर आधी हसले, मग म्हणाले, "तुझ्या आजीवर गेलीस."

पूर्वी आपल्याकडे रेडिओलाही परवाना लागायचा हे मला माहीत होतं, आजोबांचं ते छोटं पुस्तक माळ्यावरच्या ट्रंकेत बघितलेलं. पोस्टात जायचं, वर्षाचे पंधरा रुपये भरायचे, पुस्तकात तिकीट चिकटवून आणायचं. पण अप्पांनी सांगितलं ते नवीन होतं. एक वर्ष भरायचं राहिलं आणि पोस्टातले साहेब तपासायला आले. आजीने रेडिओ उचलला आणि घडवंचीवरच्या गोधड्यांत खुपसला. बंद करायचा राहिला. साहेब खुर्चीवर बसून चहा पितायत, आजी म्हणतेय आमच्याकडे रेडिओ नाही, आणि गोधड्यांतून बातम्या चालू. साहेबांनी चहा संपवला, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या गोधड्या बऱ्याच शिकलेल्या दिसतात."

मी विचारलं, मग दंड झाला?

"कसला दंड. दुसऱ्या दिवशी आजोबा गेले आणि भरून आले. घरी आल्यावर आजीशी दोन दिवस बोलले नाहीत, ते वेगळं."

हसू आलं खरं, पण त्या दोन दिवसांचं त्यांनी मुद्दाम सांगितलं का, ते कळलं नाही. अप्पांचं कधी कळत नाही.

उद्या मृणालला विचारते. घराचा करार चौघींचा एकत्र आहे, त्यामुळे एकच परवाना पुरतो. प्रत्येकी चाळीस-पंचेचाळीस पौंड. ती म्हणेल, एका मिरवणुकीसाठी? बघू.

त्याआधी हेल्पडेस्क. अप्पा म्हणाले, "चौकोनी तर चौकोनी, मारून आण. मॅडमचं मी बघतो." फोन ठेवता ठेवता पुन्हा म्हणाले, शाई निळी आहे का तेवढं विचार, काळा शिक्का झेरॉक्स वाटतो.