तुम्ही विचारलंत म्हणून: २८ माणसांच्या लग्नाची जागा

लेकीचे लग्न आम्ही पुण्यात २८ माणसांत केले, तेव्हापासून ओळखीचे लोक आणि त्यांच्याही ओळखीचे लोक एकच प्रश्न विचारतात: एवढ्या लहान लग्नाला परवडणारी जागा तुम्हाला मिळाली कशी? माणसे कमी म्हटल्यावर खर्च आपोआप कमी होणार, अशी विचारणाऱ्यांची समजूत असते. आमचीही होती, पहिल्या तीन मंगल कार्यालयांत ती दूर झाली.

कार्यालयाचे भाडे माणसांवर नव्हे, दिवसावर असते. सभागृह, दोन्ही पक्षांच्या खोल्या, भटारखाना हे सारे एकत्रच घ्यावे लागते. शिवाय आम्ही पाहिलेल्या तिन्ही ठिकाणी केटरर त्यांचाच होता आणि ताटांची किमान संख्याही ठरलेली होती. एका व्यवस्थापकांनी आमचा आकडा ऐकून ‘साखरपुडा आहे का?’ असे विचारले, आणि लग्नच आहे म्हटल्यावर दीडशे ताटांखाली आपण कार्य घेत नसल्याचे सांगितले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही, कारण तुळशीच्या लग्नानंतरच्या ऐन हंगामातली तारीख आमच्यासारख्यांना देऊन त्यांचे भागणार नाही.

म्हणून माझे सांगणे असे, की लग्नाची जागा शोधूच नये. तीस माणसे उभी राहून अक्षता टाकू शकतील अशी एक आणि ती नीट बसून जेवतील अशी दुसरी, अशा दोन साध्या जागा शोधाव्यात. कायद्याला कार्यालय लागत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात विधी कोठे व्हावेत याची अट नाही. दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे ते झाले की पुरते, आणि त्यांत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. सात पावलांना जागा किती लागते, ते घरातच मोजून पाहावे.

नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्यांनी मात्र क्रम सांभाळावा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावे लागते, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर नोटीस पुन्हा द्यावी लागते. त्यामुळे आधी नोटीस, मग जागेची आगाऊ रक्कम. आमच्या नात्यातल्या एकांनी हे उलटे केले आणि ती रक्कम गमावली. विवाह अधिकाऱ्यांनी जादा शुल्क घेऊन वाजवी अंतरावरच्या ठिकाणी येऊन विवाह लावावा, अशीही सोय त्या कायद्यात आहे.

सोसायटीचा हॉल स्वस्त पडला असता, पण तिथे लग्न करून शेजाऱ्यांना न बोलावण्याचे धैर्य माझ्यात नाही. आळंदीत धर्मशाळा आणि लहान कार्यालये पुष्कळ असल्याने कमी खर्चात लग्न उरकणारे अनेक जण तिकडे जातात. आमच्या घरच्या तीन वृद्धांना तो प्रवास झेपला नसता. शेवटी पेठेतल्या एका जुन्या देवळाच्या विश्वस्तांनी सभामंडप अर्ध्या दिवसासाठी दिला, भाडे न घेता देणगीची पावती फाडली, आणि लाउडस्पीकर नको एवढीच अट घातली. वार बुधवार होता, म्हणून गुरुजीही मोकळे होते. जेवणासाठी पाच मिनिटांच्या अंतरावरच्या थाळीच्या खानावळीचा वरचा मजला साडेअकराला, म्हणजे रोजची गर्दी सुरू होण्याआधी, राखून ठेवला. ताटाचा दर नेहमीचाच लागला. जिलेबीचे तेवढे वेगळे पैसे द्यावे लागले.

जागा पाहायला जाताना पंखे, हात धुण्याची जागा, वधूला साडी बदलण्यासाठी खोली, हे सर्व मी पाहिले होते. खानावळीचा जिना तेवढा नजरेतून सुटला. विहीणबाईंच्या सासूबाईंना खुर्चीत बसवून दोन वाढप्यांनी वर आणले, आणि त्या येईपर्यंत कोणीही पानावर बसले नाही.