आमची वाटचाल : मेसॉनिक इमारतींची जुनी पोस्टकार्डं

आमच्या पेढीत सुरुवातीला सगळंच असायचं: नाणी, तिकिटं, काडेपेट्यांचे छाप, जुनी शेअर सर्टिफिकिटं. मेसॉनिक कार्डांकडे, म्हणजे फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या इमारतींच्या पोस्टकार्डांकडे, आम्ही वळलो ते दादर पारशी कॉलनीतल्या एका काकांमुळे. काका लॉजचे, म्हणजे या संघटनेच्या शाखेचे, जुने सभासद. भारतीय लोकांना प्रवेश देणारं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज जेम्स बर्न्स यांनी मुंबईत १८४३ साली काढलं, तेव्हापासून पारशी मंडळींचा त्यात वावर. त्यामुळे या मालाला मुंबईत गिऱ्हाईक मिळणार हे दिसत होतं.

काकांना मात्र एकच इमारत हवी असायची, शिकागोचं मेसॉनिक टेंपल. १८९२ सालची, बर्नहॅम आणि रूट या वास्तुरचनाकारांची, वीसपेक्षा जास्त मजल्यांची. वर लॉजची दालनं, खाली दुकानं आणि कचेऱ्या, गच्चीवरून शहर बघायची सोय. १९३९ साली ती पाडली. तिची कार्डं ढिगाने छापली गेली, म्हणून मोठे डीलर त्यांना हात लावत नाहीत. काकांनी मला त्या ढिगात बघायला शिकवलं. फोटो तोच, पण एका प्रकाशकाने आभाळ गुलाबी केलेलं, दुसऱ्याने फिकट पिवळं. एकात रस्त्यावर गर्दी, दुसऱ्यात ती रंगाखाली पुसलेली. काका पैसे आगाऊ द्यायचे. ‘डिकरा, बिल मागून कर, आधी कार्ड दाखव,’ म्हणायचे.

पुढे फिलाडेल्फियाचं १८७३ चं टेंपल, डेट्रॉइटचं १९२६ चं, अमेरिकेतल्याच अलेक्झांड्रियाचं वॉशिंग्टन मेमोरियल, सगळ्याला मागणी आली. धंदा बरा चालला.

मग आमच्याच दुकानात बसून कार्डं हाताळायला शिकलेल्या एका माणसाने स्वतःचं टेबल थाटलं. शिकागोची कार्डं आमच्या एक तृतीयांश भावात. शिवाय जाईल तिथे सांगायचा, ‘ते लोक लुबाडतात.’ नेहमीची गिऱ्हाइकं येईनाशी झाली. बाहेरगावी पाठवलेली पाकिटं परत यायला लागली. गाळ्याचं भाडं थकलं, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या वर्षीच्या संग्राहकांच्या प्रदर्शनात त्याला दाराशी टेबल मिळालं आणि इतकी वर्षं तिथे बसणाऱ्या आम्हाला जिन्याखाली ढकललं. हे मी विसरलेलो नाही.

काका त्याच प्रदर्शनात आले. त्याच्याकडून घेतलेलं एक कार्ड त्यांनी माझ्या टेबलावर उलटं ठेवलं. टपालाचा शिक्का १९०५ चा आणि पाठीवर मधोमध उभी रेघ, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. अमेरिकेत पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायला परवानगी मिळाली १ मार्च १९०७ पासून. त्याआधी ती बाजू फक्त पत्त्याची. मग १९०५ च्या कार्डावर रेघ आली कुठून? मी दहापटीचं भिंग लावलं. शिक्क्याची शाई कागदात मुरलेली नव्हती. चित्रासारखेच तिच्यातही प्रिंटरचे बारीक रंगीत ठिपके होते. अतिनील टॉर्च मारला तर कागद निळसर पांढरा चमकला. कागदात ही चमक आणणारी रसायनं सर्रास वापरात आली ती १९५० च्या सुमाराला. चहाच्या पाण्याने पिवळा केलेला कागद होता तो.

काकांनी ते कार्ड त्याच्या टेबलावर, सगळ्यांदेखत ठेवलं. तो म्हणाला, ‘मलाही असंच मिळालं.’ आयोजक म्हणाले, ‘इथे वाद नकोत.’ एकानेही त्याला उठवलं नाही. पण बघणाऱ्यांनी बघितलं होतं. पावसाळा संपेपर्यंत आमची जुनी माणसं एकेक करून परतली, काहींनी त्याच्याकडचा माल तपासायला आणला. तो मी फुकट तपासून दिला. पाटल्या सोडवल्या.

नव्याने गोळा करणाऱ्यांना सांगतो, टॉर्च आणि भिंग घेतल्याशिवाय पहिलं कार्ड घेऊ नका. पीव्हीसीची स्वस्त पाकिटं वापरू नका, ती कालांतराने चिकट होतात आणि रंग ओढतात, पॉलिएस्टरची घ्या. लॅमिनेशन तर कधीच नको. पाठीवरचं तिकीट सोलून वेगळं विकायचा मोह होतो. सोलू नका, त्या तिकिटावरून आणि शिक्क्यावरूनही कार्डाचं वय ठरवायला मदत होते. भाव लिहायचा तर मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात, दाब न देता.

काका गेले. त्यांचा संग्रह त्यांच्या मुलीने आमच्याकडे सांभाळायला दिला आहे, विकायला नाही, आणि आम्ही एकही कार्ड विकलेलं नाही. प्रदर्शनवाल्यांचा यंदा पुन्हा फोन आला होता. दाराशी टेबल देणार असाल आणि नकली माल विकणाऱ्याला आत घेणार नसाल तर येतो, असं कळवलं आहे. अजून उत्तर नाही.