कितवा?

स्मरणिका समितीकडून मनोगताचा निरोप आला, तेव्हा शाळेतलं काय काय आठवतं याची यादी करायला बसलो. ती पहिल्याच शब्दावर अडली. कितवा. अर्थशास्त्राच्या बाईंचा हा लाडका प्रश्न. कुणी काहीही विधान केलं की चष्म्यावरून बघत त्या विचारायच्या, "कितवा?" पुढे इंग्रजीतून हाच विषय शिकताना लक्षात आलं, की तिथे हा प्रश्न एका शब्दात विचारायची सोयच नाही. आपल्याकडे मात्र तो पोरंसोरंही विचारतात. सीमांत उपयोगिता, म्हणजे आणखी एका नगाने वाढणारं समाधान, शिकायला आपण इतके घाबरतो, आणि तिची किल्ली बोलीतच पडलेली असते.

पहिल्या तासाला आम्ही व्याख्या घोकली होती: मानवी गरज भागवण्याची वस्तूच्या अंगची शक्ती म्हणजे उपयोगिता. बाईंनी "अंगची" या शब्दाखाली रेघ ओढली आणि स्वतःचा चष्मा काढून पहिल्या बाकावर ठेवला. घालून बघ म्हणाल्या. ज्यानं घातला त्याला भिंतीवरचं घड्याळही दिसेना. काच तीच, काडी तीच, मग शक्ती गेली कुठे? उपयोगिता वस्तूत नसते, ती माणूस आणि वस्तू यांच्यामध्ये असते, हे तेव्हा डोक्यात बसलं ते कायमचं. उपयोगिता आणि उपयुक्तता यांतला फरकही त्याच तासाला झाला. सिगारेट ओढणाऱ्याला तिची उपयोगिता असते, ती त्याला अपायकारक असली तरी. अर्थशास्त्र इथे चांगलं-वाईट ठरवत बसत नाही. वर्गातल्या काही सज्जनांना हे फार लागलं होतं.

मग आला पाण्याचा तक्ता. कडक उन्हातून तहानलेला माणूस आला आहे आणि पेल्यामागून पेला पितो आहे. फळ्यावर आकडे उतरले: पहिल्या पेल्याची उपयोगिता 20, दुसऱ्याची 14, तिसऱ्याची 8, चौथ्याची 3, पाचव्याची शून्य, सहाव्याची उणे 4. शेजारच्या रकान्यात बेरीज: 20, 34, 42, 45, 45, 41. पाचव्या पेल्याला पूर्ण तृप्ती. एकूण उपयोगिता तिथे कमाल आणि सीमांत उपयोगिता शून्य. परीक्षेत या वाक्याला हमखास गुण मिळत. मला मात्र वेगळंच खुपत होतं. मी हात वर केला. "बाई, 20 कसले? तोळे असतात, मीटर असतात. हे 20 कसले?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "हा प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव," एवढंच म्हणाल्या.

पाणी आणि हिऱ्याचं कोडं त्यांनी दोन तास लांबवलं आणि तेच दोन तास मला सगळ्यांत जास्त आठवतात. ॲडम स्मिथने 1776 मध्ये लिहून ठेवलं होतं: पाण्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही, तरी त्याच्या बदल्यात फारसं काही मिळत नाही, हिऱ्याचा उपयोग नगण्य, पण त्याच्या मोबदल्यात कितीतरी वस्तू येतात. आम्ही पोरं तावातावाने भांडलो. कुणी म्हणालं, हिरा दुर्मीळ आहे म्हणून. कुणी म्हणालं, खाणीतून काढायला कष्ट पडतात म्हणून. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी म्हणजे कितवा पेला?" वर्ग एकदम गप्प. पहिला पेला म्हणजे जीव. पण बाजारात कुणी सगळं पाणी विरुद्ध सगळे हिरे अशी निवड करतच नाही. निवड असते आणखी एक पेला की आणखी एक हिरा एवढीच. पाणी मुबलक, म्हणून आपण बारीक उपयोगितेच्या पेल्यापर्यंत येऊन पोचलेलो असतो, आणि किंमत त्या शेवटच्या पेल्याशी जुळते. पहिला पेलाही त्याच किमतीत पदरात पडतो. त्यासाठी जे द्यायची तयारी होती आणि जे प्रत्यक्षात द्यावं लागलं, त्यांतला फरक म्हणजे अर्थशास्त्रज्ञ मार्शलचं संतोषाधिक्य. वेगळं पाठ करायची गरजच उरली नाही.

हे उत्तर नीट रुजायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. 1871 मध्ये इंग्लंडात जेव्हन्स आणि ऑस्ट्रियात मेंगर, 1874 मध्ये वालरास, तिघेही अर्थशास्त्रज्ञ एकमेकांपासून स्वतंत्रपणे तिथे पोचले. पण बाईंचा जीव होता गॉसेनवर. या जर्मन गृहस्थाने 1854 मध्येच घटत्या उपयोगितेचा नियम पुस्तकात मांडला होता. पुस्तक कुणी घेतलं नाही, म्हणून त्याने उरलेल्या प्रती परत मागवल्या. 1858 मध्ये तो गेला. पुढे जेव्हन्सला ते पुस्तक कळलं आणि 1879 च्या आवृत्तीत त्याने मोकळेपणाने श्रेय दिलं. "उपयोगितेवर लिहिलं आणि पहिलाच वाचक मिळेना," असं म्हणताना बाईंना खरंच वाईट वाटायचं.

समसीमांत उपयोगितेचा नियम मी वर्गात नव्हे, व्हरांड्यात शिकलो. परीक्षा तोंडावर आली की मी गणितालाच चिकटून बसायचो, कारण ते मला येत होतं. इतिहासाची वही उघडायचं जिवावर यायचं.

"किती वेळ झालं गणित?" बाईंनी विचारलं.

"नऊ तास."

"आता बसशील तो कितवा?"

"दहावा."

"त्यानं किती गुण वाढतील?"

"एखादा."

"आणि इतिहासाचा पहिला?"

मी बुटाकडे बघत राहिलो. "तो दहावा तास उचल आणि तिकडे नेऊन ठेव," त्या म्हणाल्या. "हलवून फायदा होतोय तोवर हलवत राहा. कुठूनही हलवून काही मिळेना, की थांब." पैशाच्या बाबतीत यात फक्त किमतीची भर पडते: एक वस्तू दुसरीच्या दुप्पट किमतीची असेल, तर तिच्या शेवटच्या नगातून समाधानही दुप्पट मिळायला हवं, नाहीतर पैसे चुकीच्या जागी गेले. आणि किंमत उतरली की माणूस पुढच्या नगापर्यंत जातो, म्हणून मागणीचा वक्र, म्हणजे कोणत्या किमतीला किती नग घेतले जातात ते दाखवणारी रेषा, उजवीकडे खाली येतो. "इतर परिस्थिती कायम असताना" हे पालुपद आम्ही आरतीसारखं एका सुरात म्हणायचो. ती परिस्थिती कधीच कायम नसते, हे मोठेपणी कळलं. घटत्या उपयोगितेच्या नियमाच्या अपवादांची यादीही तशीच घोकलेली: छंद, व्यसन, कंजूषपणा. माझं आजही मत आहे, की ते अपवाद गुणांपुरते आहेत. तिकिटं जमवणाऱ्याला संचातलं शेवटचं तिकीट पहिल्यापेक्षा प्यारं असतं खरं, पण त्याला हवा असतो संच, सुटं तिकीट नाही.

महाविद्यालयात गेलो आणि पहिल्याच वर्षी फसवणूक झाल्यासारखं वाटलं. तिथे समवृत्ती वक्र निघाले, म्हणजे दोन वस्तूंच्या सारखंच समाधान देणाऱ्या जोड्या दाखवणाऱ्या रेषा. आधी अर्थशास्त्रज्ञ पारेतो, मग 1934 मध्ये हिक्स आणि ॲलन. सगळ्यांचं म्हणणं एकच, की समाधान मोजायची गरज नाही, अमुक तमुकापेक्षा जास्त आवडतं एवढं सांगता आलं की पुरे. म्हणजे आमचे 20, 14, 8 गेले कचऱ्यात. वहीचं शेवटचं पान आठवलं आणि मी बाईंना रागाचं पत्र लिहिलं.

त्यांचं उत्तर आठवड्यात आलं. आकडे खुशाल पूस, असं त्यांनी लिहिलं होतं. तुझ्याकडे एक वस्तू जितकी जास्त, तितकी तिच्या आणखी एका नगासाठी तू दुसरी कमी सोडशील. नाव बदलून घटता सीमांत पर्यायता दर झालं, पण त्यातही आधी कितवा नग ते विचारावंच लागतं. आणि खाली, समासात, बारीक अक्षरात: "20 कसले, हे तू मला विचारलं होतंस. पण त्या दिवशी तहान लागली म्हणून मैदानातून धावत आला होतास तू, आणि आकडा सांगितलास तोही तूच. मी फक्त फळ्यावर लिहिला."