टिंब गेलं कुठे?

फॅक्सची तक्रार आली की आमच्याकडे ती एकाच्या टेबलावरून दुसऱ्याच्या टेबलावर सरकत राहते. नव्या पोरांनी फॅक्स कधी वापरलेला नसतो आणि जुन्यांना त्यात पुन्हा हात घालायचा नसतो. त्या दिवशी ती माझ्यापाशी येऊन थांबली. एका पॅथॉलॉजी लॅबने आठवड्यापूर्वी जुनी फोनलाइन काढून डिजिटल लाइन घेतली होती. फोन झकास चालत होते, फॅक्स मात्र मेला होता. रिपोर्ट ईमेलने का पाठवत नाही, हे मी पूर्वी विचारायचो. हल्ली नाही विचारत. पलीकडच्या हॉस्पिटलच्या वॉर्डाला कागद फॅक्सनेच हवा असतो, विषय संपला.

पहिला दोष दोन मिनिटांत सापडला. कुणीतरी फॅक्सची वायर टेबलफोनच्या सॉकेटमध्ये खुपसली होती. पिन सारखीच असते, खटकन बसतेही. पण डिजिटल एक्स्चेंजच्या त्या सॉकेटमधून येतो तो त्याच एक्स्चेंजच्या फोनला कळणारा डेटा. फॅक्सला हवा असलेला डायलटोन तिथे नसतोच, आणि नशीब वाईट असेल तर मशीन जळू शकतं. वायर काढून ॲडॉप्टरच्या डबीत लावली. जुन्या पद्धतीचं मशीन डिजिटल लाइनला जोडायचं ते याच डबीतून. डायलटोन आला. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "झालं?" मी म्हटलं, "आत्ता सुरू झालं."

कॉल लागत होता, पण कागद हलायच्या आधीच मशीन एरर देत होतं. अशा वेळी सेटिंग चाळत बसण्यापेक्षा मी आधी ऐकतो. टेस्ट फोन नुसता ऐकण्याच्या मोडवर टाकून लाइनला चिकटवला. फॅक्सची भाषा कानाला ओळखू येते. पाठवणारं मशीन ११०० हर्ट्झची अर्ध्या सेकंदाची शीळ घालतं, तीन सेकंद गप्प बसतं, पुन्हा शीळ घालतं. समोरचं मशीन २१०० हर्ट्झच्या लांब सुराने उत्तर देतं. मग दोघांची सेकंदाला ३०० बिट्सच्या गतीने गुरगुर चालते: तू कोण, तुला काय काय जमतं, किती वेगाने जमतं. ते ठरलं की खरी खरखर, म्हणजे पान.

इथे समोरचा लांब सूर चिखलातून आल्यासारखा येत होता. थरथरत, मधूनच घोगरा. लगेच कळलं. ॲडॉप्टर आवाज दाबून पाठवत होता, सेकंदाला आठ हजार बिट्सवाल्या जी.७२९ मध्ये. ही पद्धत माणसाचा गळा कसा चालतो त्याच्या हिशेबावर बेतलेली आहे. गळ्यातून निघालेलं ती छान पोचवते. फॅक्समधल्या मोडेमला गळा नसतो. ही पद्धत, म्हणजे कोडेक, बदलून जी.७११ केला, सेकंदाला चौसष्ट हजार बिट्स, न दाबता. जोडीला शांतता ओळखून पॅकेट, म्हणजे आवाजाच्या डेटाचे तुकडे, थांबवण्याची सोय बंद केली. बोलण्यात ती बँडविड्थ वाचवते, फॅक्समध्ये मात्र दोन संदेशांमधल्या विरामाला शांतता समजते आणि पुढच्या संदेशाचं तोंडच कापून टाकते. आवाजाचा प्रतिध्वनी मारणारा एको कॅन्सलरही बंद केला. टी.३८ नावाचा खास इंटरनेटवरच्या फॅक्ससाठी केलेला १९९८ चा नियम आहे, तोही लावून पाहिला. कॉल आवाजावरून टी.३८ वर सरकायच्या क्षणी तुटत होता. पलीकडच्या टोकाला ते मान्य नव्हतं. तो नाद सोडला.

एक पान गेलं. मॅडमनी टाळी वाजवली. मग त्यांनी रोजचा तीन पानी रिपोर्ट घातला. दोन पानं गेली आणि तिसऱ्यावर एरर. पुन्हा घातला, पुन्हा तिसऱ्यावर.

आता जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. दुपार टळत आली होती, पुढचा कॉल वाट पाहत होता. या धंद्यातला प्रत्येक जण देतो तो सल्ला मी स्वतःलाच दिला: वेग सेकंदाला १४४०० बिट्सवरून ९६०० वर आण आणि ईसीएम बंद कर. ईसीएम म्हणजे चूक दुरुस्त करण्याची व्यवस्था. पान लहान लहान फ्रेममध्ये कापून जातं, एका खेपेत २५६ पर्यंत फ्रेम. ज्या बिघडल्या त्या समोरचं मशीन परत मागतं. लाइन वाईट असली की मागणं थांबतच नाही आणि शेवटी मशीन हात टेकतं. ईसीएम बंद केलं की जे आलं ते आलं.

तीन पानं गेली. मशीनने चिठ्ठी काढली: ओके. पुन्हा पाठवलं, पुन्हा ओके. मी सही घेतली, बॅग भरली, जिना उतरलो.

गाडीपाशी पोचतो तोच मॅडमचा फोन. "अहो, जरा वर या. वॉर्डातून सिस्टरांचा फोन आलाय. क्रिएटिनिन बारा कसं, विचारतायत. पेशंट चालत आलाय म्हणे."

क्रिएटिनिन म्हणजे किडनी कशी चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा. लॅबच्या कागदावर तो एक दशांश दोन होता.

वर जाऊन मीच सिस्टरांशी बोललो. त्यांनी कागद डोळ्याजवळ धरून सांगितलं, "एक आणि दोन स्पष्ट आहेत. फक्त दोनचा पाय तुटल्यासारखा दिसतो." तेवढ्यावरून सगळं उलगडलं. फॅक्स पान बारीक आडव्या ओळींत वाचतो. साध्या दर्जाच्या फॅक्समध्ये एका मिलिमीटरच्या उंचीत अशा चारही ओळी नसतात, ३.८५ असतात. रिपोर्टवरचं बारीक दशांशचिन्ह अर्ध्या मिलिमीटरचंसुद्धा नव्हतं. म्हणजे त्याच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी. ९६०० च्या वेगाला वीस मिलिसेकंदांचं एक पॅकेट हरवलं तर १९२ बिट्स जातात, आणि मजकुरातली अशी एकदोन ओळ त्यात सहज मावते. ओळ बिघडली की बरीच मशीनं तिथे वरचीच ओळ पुन्हा छापतात. आकड्यांची उभी-तिरकी रेघ त्यात तशीच पुढे ओढली जाते, कुणाला शंका येत नाही. जमिनीलगतच्या गोष्टी तेवढ्या जातात: टिंब आणि इंग्रजी दोनच्या आकड्याची बूड टेकणारी रेघ.

आणि तरी ओके! कारण ईसीएम बंद असताना बिघडलेल्या ओळी मशीनच्या मर्यादेत बसल्या, तर घेणारं मशीन "पान मिळालं" असंच कळवतं. ते खोटं बोलत नाही. पान मिळालेलं असतंच.

मी आधी ईसीएम परत चालू केलं. मॅडम काही बोलल्या नाहीत. नुसता तो ओकेचा कागद माझ्यासमोर ठेवला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग जे सकाळी करायला हवं होतं ते केलं. घड्याळ लावलं. तीन जवळजवळ कोरी पानं पाठवली. गेली. एकच पान, पण बारीक अक्षरांनी गच्च भरलेलं, फाइन दर्जावर, म्हणजे जास्त ओळींवर, पाठवलं. तुटलं. पान तिसरं आहे म्हणून ते तुटत नव्हतं. कॉल जरा लांबला की तुटत होता. ॲडॉप्टरच्या सेटिंगच्या स्क्रीनवर जिटर बफरचा आकडा पाहत बसलो, आणि कॉल चालू असतानाच तो माझ्या डोळ्यांदेखत बदलला. त्याच क्षणी टेस्ट फोनमधली खरखर अडखळली.

पॅकेट मागेपुढे पोचतात, म्हणून ॲडॉप्टर त्यांना थोडा वेळ थोपवून ओळीने सोडतो. हा थोपवण्याचा वेळ म्हणजेच जिटर बफर, आणि तो ॲडॉप्टर स्वतःच कमीजास्त करत होता. कमी करताना आवाजाचा तुकडा गाळायचा, वाढवताना तुकडा घुसवायचा. बोलणाऱ्याला पत्ता लागत नाही, मोडेमची मात्र लय एकदम सुटते. गंमत अशी की माणसाचं आणि फॅक्सचं सोसणं नेमकं उलटं आहे. माणसाला शब्द तुटला तर चालतो, उत्तर उशिरा आलं तर तो "हॅलो, हॅलो" करायला लागतो. फॅक्सला थोडा उशीर झाला तर काही वाटत नाही, उत्तरासाठी तो तीन सेकंद थांबतो आणि पुन्हा विचारतोही. तुकडा मात्र एकही हरवता कामा नये. आणि आपण दोघांना एकाच सेटिंगवर बसवलेलं.

त्या पोर्टपुरता बफर कायम १०० मिलिसेकंदांवर बांधून टाकला. तिथे कुणी बोलणारच नव्हतं. वेग ९६०० च ठेवला आणि दर्जा फाइन केला, म्हणजे टिंबाला दोनाऐवजी तीनचार ओळी मिळाव्यात. लॅबच्या कॉम्प्युटरवर एक पान तयार केलं: वरपासून खालपर्यंत नुसते दशांश. १.२, ०.७, ३.५, १०.४, असे सहा रकाने, त्यांच्या रिपोर्टच्याच बारीक अक्षरात. त्याच्या तीन प्रती मशीनमध्ये घातल्या.

खरखर सुरू झाली. आधीपेक्षा संथ. दोन पानांच्या मधे ती थांबायची, गुरगुरायची, पुन्हा सुरू व्हायची. मॅडम शेजारी उभ्या होत्या. तिसरं पान आत गेलं आणि चिठ्ठी आली. ओके. आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं आणि मी सिस्टरांना फोन लावला.

"तिसरं पान घ्या," मी म्हटलं, "आणि वाचून दाखवा."

"एक पॉइंट दोन. शून्य पॉइंट सात. तीन पॉइंट पाच." पेन्सिलीने मी माझ्या कागदावर खुणा करत गेलो. पहिला रकाना संपल्यावर त्या थांबल्या. "अजून किती वाचायचे?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी हाताने खूण केली.

"सगळे," मी म्हटलं.