मेनूवरचा हिरवा ठिपका

सांगलीत विश्रामबागला नवीन रेस्टॉरंट सुरू झालंय, तिथं मी कॅप्टन आहे, म्हणजे टेबलावर ऑर्डर घेणारा. आमच्याकडं खर्ड्याचा पनीर बाओ, म्हणजे वाफवलेला मऊ पाव मिळतो, किमची, म्हणजे आंबवलेला कोरियन कोबी घालून भडंग मिळतं, आणि सगळ्यात जास्त जाते ती थाई पद्धतीची व्हेज ग्रीन करी, ज्वारीच्या भाकरीबरोबर. पहिल्यांदा लोक बिचकतात पण एकदा भाकरी बुडवून खाल्ली की पुढच्या वेळी तीच मागतात.

मागच्या रविवारी साडेपाचलाच एक जैन कुटुंब आलं, आजी दिवस मावळायच्या आत जेवतात म्हणून लवकर. नातवाचा पहिला पगार झालेला. आजींनी मेनू बाजूला सारला आणि मलाच विचारलं, "बाळा, ह्या हिरव्या रश्श्यात काय काय घालता?" मी सगळं सांगितलं आणि कांदा-लसूण न घालता जैन करून देतो म्हणलं. तर म्हणाल्या, "वाटण वेगळं करता, का त्यातलंच घेता?" आता हे मला माहीतच नव्हतं, म्हणलं विचारून येतो.

आत गेलो तर शेफ सुट्टीवर. एरवी वाटण ते स्वतः करतात, पण ते दुपारी दोनलाच संपलेलं आणि हेल्परनं स्टोअरमधली तयार पेस्टची बरणी फोडलेली. लसूण आहे का बघावं म्हणून बरणी फिरवली. लसूण होताच, आणि त्याच्याच खाली लिहिलेलं, श्रिम्प पेस्ट. म्हणजे मीठ घालून आंबवलेली कोळंबी. मागच्या स्टिकरवर नॉनव्हेजचा तपकिरी त्रिकोण होता, ज्वारीच्या दाण्याएवढा, बोट ठेवलं की झाकून जाईल असा. माझे हातपायच गार पडले. थाई वाटणात बहुतेक वेळा कोळंबी असते, मूळच्या किमचीत पण बऱ्याचदा फिश सॉस नाहीतर खारवलेली कोळंबी असते, ऑयस्टर सॉस तर कालवांचाच, त्यात त्या लोकांची काही चूक नाही. चूक आमची. बरणी चिकन करीसाठी आणलेली आणि ठेवलेली व्हेजच्या फळीवर, आणि मेनूत त्या करीपुढं आम्ही हिरवा ठिपका छापलाय, लोक त्या ठिपक्यावर विश्वास ठेवून घास तोंडात घालतात हो.

केओटी, म्हणजे किचनला दिलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, काढून बघितल्या, दोननंतर पाच व्हेज ग्रीन करी गेलेल्या. मालक म्हणाले, बरणी टाकून दे, विषय संपव. मी म्हणलं, सर, टाकतो, पण फोन पण लावायला पाहिजेत, आज नाही सांगितलं तर मला उद्या टेबलापुढं उभं राहता येणार नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग बिलांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. तीनच नंबर सापडले. एक काका खूप चिडले, वाट्टेल ते बोलले, मी ऐकून घेतलं. दुसऱ्यांनी फोन कट केला. आणि एका ताईंनी एवढंच विचारलं, "मी सासूबाईंना सांगू का नको?" मला उत्तर देता आलं नाही, आज पण येत नाही. दोन टेबलांनी कॅश दिलेली, त्यांना कसं गाठायचं, मी अजून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे बघत असतो.

मग आजींच्या टेबलाशी गेलो आणि जसं घडलं तसं सगळं सांगितलं. नातू उठायलाच लागला. आजी म्हणाल्या, "बस रे. त्यानं आधी सांगितलं ना." आणि मला म्हणाल्या, "कोऱ्या भांड्यात करशील?" नवीन कढई काढली, मिक्सरचं भांडं पण नवीन, हिरवी मिरची, कोथिंबीर, गवती चहा, नारळाचं दूध, त्यात दोडका आणि मटार, आलं सुद्धा नाही, आणि होईपर्यंत मी तिथनं हललो नाही. आजींनी भाकरीचा तुकडा बुडवला, आधी वास घेतला, "गवती चहा व्हय, आमच्या परसात आहे की." बाहेर ऊन होतं तोवर त्यांचं जेवण झालं.

जाताना म्हणाल्या, ती बरणी आण बघू. आणली. नातवाला ते लेबल मोठ्यानं वाचायला लावलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, आणि त्या माझा हात धरून ऐकत उभ्या राहिल्या.