दोन सेल आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा

मार्चमध्ये टॉर्चसाठी दोन १८६५० सेल, म्हणजे पुन्हा चार्ज होणारे लिथियम-आयन सेल, एकाच दिवशी घेतले होते, दोन्हींवर ३००० एमएएच ही क्षमता छापलेली. मोजले तेव्हा एक २९६० भरला, दुसरा २९५०. पहिला पूर्ण ४.२ व्होल्टपर्यंत भरला आणि टॉर्चमध्ये घालून स्कूटरच्या डिकीत टाकला. लाइट गेली की ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या बोळांत टॉर्चशिवाय चालवत नाही. दुसरा ३.७५ व्होल्टवर, म्हणजे साधारण अर्धा भरलेला, आणून माजघरातल्या फडताळात ठेवला, अगदी खालच्या कप्प्यात, जिथे भिंत गार असते.

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या घरात जातो. उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत तर हात घालवत नाही.

जुलैत पाऊस लागल्यावर परत मोजलं. फडताळातला २९३०, डिकीतला २६४०. टॉर्च या काळात जेमतेम पाच-सहा वेळा लावली असेल. म्हणजे सेल वापराने झिजला नाही, भरलेला राहून तापला म्हणून म्हातारा झाला. काठोकाठ भरलेल्या सेलमध्ये उष्णतेने इलेक्ट्रोलाइट लवकर बिघडतो, ऋण बाजूच्या ग्रॅफाइटवरचा थर जाड होत जातो आणि त्यात अडकलेलं लिथियम पुन्हा कामी येत नाही. आता मी ४.१ वर चार्जिंग थांबवतो आणि टॉर्च उतरताना सोबत घेतो.

डिकीतल्या याच सेलच्या रॅपवर, म्हणजे वरच्या प्लास्टिकवर, धन टोकापाशी तांदळाएवढी चीर दिसली. ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. सेलचा सगळा धातूचा डबा ऋण असतो, धन टोपी आणि डब्याची कड यांच्यात फक्त एक पातळ चकती. चीर तिथेच असली आणि किल्ली टेकली की शॉर्ट. भारतात २०१९ पासून ई-सिगरेटवर बंदी आहे, पण परदेशात व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, वापरणाऱ्यांच्या खिशात सुटे सेल भडकल्याच्या घटना झाल्या आहेत आणि त्यातले बरेच किल्ल्या-नाण्यांशी टेकून. मी जुना रॅप नखाने सोलला, चकती नवी बसवली, उष्णतेने आकसणारी पीव्हीसीची नळी चढवली आणि हेअर ड्रायर लांबून, थोडा थोडा फिरवला. कड बरोबर आत वळली तेव्हा फार बरं वाटलं. डबा चेपलेला असता तर सेल सरळ ई-कचऱ्यात दिला असता.

टॉर्चचे आटेही साफ केले. धुळीने काळं झालेलं ग्रीस कापडाने पुसलं, झाकणाच्या रबरी ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावलं. झाकण आता लोण्यासारखं फिरतं.

माझं हे चाललेलं बघून आत्याने कुकरची रिंग पुढे केली. धुतल्यावर ती झाकणात दाबून न ठेवता खुंटीला मोकळी टांगायची, एवढंच मी सांगितलं.

२६४० वाला सेल आता देवघराजवळच्या टॉर्चमध्ये आहे. दिवाळीनंतर दोन्ही पुन्हा मोजणार.